मीटरवरची पेटी मालाच्या खोक्यात चालेल का?

जागता_पहारा

मंडळी, मी पाण्याच्या मीटरला जोडायच्या वायरलेस पेट्या बनवणाऱ्या चमूत आहे. मीटरचे पल्स (ठरावीक पाणी गेलं की येणारा एकेक ठोका) मोजायचे, तासातासाचे आकडे साठवायचे आणि दिवसातून एकदा वर पाठवायचे, एवढंच तिचं काम. बॅटरी एकदाच बसवायची, मग दहा-पंधरा वर्षं झाकण उघडायचं नाही.

आता विक्रीवाल्यांकडून फर्मान आलंय: याच बोर्डावर जीपीएसची चिप आणि तापमानाचा सेन्सर चढवा, हीच पेटी मालाबरोबर पाठवू. दोन्हीकडे बॅटरी, दोन्हीकडे सिम, दोन्हीकडे चार बाइट. मग वेगळा बोर्ड कशाला?

कागदावर मुद्दा बिनतोड दिसतो. माझं मत मात्र साफ उलटं आहे. मीटरची पेटी एका जागी बसलेली असते. तिला रेंज मिळते की नाही हे बसवतानाच कळतं, आणि नाही मिळाली तर अँटेना हलवता येते. मालाबरोबरच्या पेटीला रेंज नसणं ही रोजचीच गोष्ट. सगळा फरक मला एका प्रश्नात दिसतो: कुणीच ऐकत नसेल तेव्हा पेटी काय करते?

दोन्हीकडे काम केलेल्यांनी लिहा. कुठलं तंत्र भारी हे नकोय, कुठे काय फसतं ते हवंय.

हवेतला_बाइट

आधी रेडिओचं बोलू, निम्मा निकाल तिथेच लागतो.

लोरावॅन (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ तंत्र) मीटरसाठी छान. गेटवे (पेट्यांचे संदेश ऐकून पुढे पाठवणारं यंत्र) आपण उभा करायचा, सिम नाही, महिन्याचं बिल नाही. पण त्याची गणितं लोक विसरतात. तोच छोटा संदेश, दहा-बारा बाइटचा, स्प्रेडिंग फॅक्टर (आकडा मोठा तर पल्ला जास्त, वेग कमी) ७ वर साधारण ६० मिलिसेकंदांत जातो आणि १२ वर त्यालाच दीड सेकंद लागतो. म्हणजे हवाही चोवीसपट अडली आणि बॅटरीही तेवढीच जास्त गेली. युरोपातल्या ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या नेहमीच्या चॅनेलांवर एकूण वेळेच्या १ टक्काच बोलायची मुभा आहे, त्यामुळे दीड सेकंद बोललात की जवळजवळ अडीच मिनिटं गप्प बसायचं. मीटरला चालतं. मालाला लोरावॅन फक्त गोदामाच्या आवारात. बाहेर रस्त्यावर गेटवे कोण लावून ठेवणार? शिवाय पट्टे देशोदेशी वेगळे: युरोपात ८६८, अमेरिकेत ९१५, भारतात ८६५ ते ८६८. सीमा ओलांडली की तोच ट्रॅकर बेकायदा ठरू शकतो.

मोबाईलच्या जाळ्यातले दोन पर्याय, एनबी-आयओटी आणि एलटीई-एम, थ्रीजीपीपी या मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १३ मध्ये, २०१६ साली, एकदमच आले. एनबी-आयओटी फक्त १८० किलोहर्ट्झ वापरतं आणि जुन्या जीएसएमपेक्षा २० डेसिबल जास्त खोलवर पोचतं. म्हणून तळघरातल्या मीटरचा तो लाडका. पण मूळ एनबी-आयओटीत चालू जोडणी एका टॉवरवरून दुसऱ्याकडे सोपवायची सोयच नव्हती. जोडणी तुटते, पेटी नवा टॉवर शोधते, पुन्हा सुरुवात. एलटीई-एम मध्ये ती सोय आहे. तेव्हा हलणाऱ्या मालाला एलटीई-एम, बसलेल्या मीटरला एनबी-आयओटी, हे सरळ आहे. तुमच्या बोर्डावर मोडेम कुठला?

जागता_पहारा

फक्त एनबी-आयओटीचा. तिथेच घोडं पेंड खातंय. दोन्ही चालवणारे मोडेम मिळतात, पण विक्रीवाल्यांना "तोच बोर्ड" हवाय.

गोदामातली_मांजर

मी मालाच्या बाजूची. पहिली गोष्ट, नकाशावरचा हलता ठिपका ग्राहकाला दाखवायला छान असतो, पण रोजच्या कामात त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. लोकांना विचारायचं असतं ते वेगळंच. माल गोदामातून खरंच निघाला का? मध्येच दार उघडलं का? २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसीचं खोकं किती वेळ ८ च्या वर होतं, आणि ते कुणाच्या ताब्यात असताना? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण भरपाई कुणी द्यायची ते त्यावर ठरतं.

आता गंमत बघा. यातल्या एकाही उत्तराला त्याच क्षणी रेंज लागत नाही. तापमान दर दहा मिनिटांनी वेळेच्या शिक्क्यासह मेमरीत लिहून ठेवा आणि रेंज आली की सगळा गठ्ठा पाठवा. ज्या पेट्या "पाठवता आलं नाही, टाकून द्या" असं करतात त्यांचा अहवाल नेमका वादाच्या तासांत कोरा असतो.

जीपीएसबद्दल विक्रीवाल्यांना एकच सांगा: कंटेनर म्हणजे चारी बाजूंनी पोलाद. आत ठेवलेल्या पेटीला उपग्रह दिसत नाहीत. बंद मालगाडीत, दुसऱ्या पॅलेटखाली, तीच कथा. जीपीएसचा उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या पावलांनी पाठवतो, एक पूर्ण चौकट ३० सेकंदांची. आकाश अर्धवट दिसत असेल तर चौकट मध्येच तुटते आणि पेटी पुन्हा थांबते. तोवर रिसीव्हर चालू, बॅटरी खाली. ती माहिती जाळ्यावरून आधीच उतरवून घेतली तर काम काही सेकंदांवर येतं, पण त्यालाही रेंज लागतेच!

आम्ही बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या वायफायची नावं आणि मोबाईल टॉवरचा क्रमांक यांवर भागवतो. गोदाम कुठलं एवढं कळायला तेवढं पुरतं.

नवखा_पण_चिवट

बाळबोध प्रश्न विचारतो. रेंज नसेल तर पेटीने थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहावं, त्यात अडचण काय? फोन तेच करतो ना?

जागता_पहारा

फोन रोज रात्री चार्ज होतो, हीच अडचण. आकडेच मांडतो. सगळे ढोबळ आहेत, मोडेमगणिक बदलतील.

मीटरची पेटी: झोपेत ५ मायक्रोअँपिअर धरा. वर्षाला ४४ मिलिअँपिअर-तास. दिवसातून एक संदेश, दहा सेकंद सरासरी ५० मिलिअँपिअर, म्हणजे वर्षाला आणखी ५१. एकूण शंभरच्या आत. डी आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल १९ अँपिअर-तासांचा असतो. त्यातला काही भाग आपोआप झिरपतो, थंडीत काही मिळत नाही, तरी पंधरा वर्षं सहज निघतात. रेंज कमजोर असेल तर एनबी-आयओटी तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतं, वर जाताना १२८ वेळांपर्यंत. संदेशाचा खर्च दहापट झाला तरी वर्षाला साडेपाचशेच. मीटर तग धरतं.

आता हाच मोडेम कंटेनरमध्ये टाका. बोट समुद्रात, टॉवर नाही. मोडेम एकेक पट्टा चाळत बसतो. तासातून तीन मिनिटं जरी ६० मिलिअँपिअरने शोधाशोध केली तरी तासाला ३, दिवसाला ७२ मिलिअँपिअर-तास उडाले. एए आकाराचा २४०० चा सेल ३३ दिवसांत संपला, आणि तेवढ्यात एकही उपयोगी बाइट बाहेर पडला नाही. गर्दीत हरवलेल्या पोरासारखा तो नुसता हाका मारत राहतो. माल बंदरात उतरतो तेव्हा पेटी मेलेली असते.

म्हणून शोधायचं कधी हे पेटीलाच कळायला हवं: दोनदा नाही मिळालं तर अंतर दुप्पट करा, मग चौपट, आणि हालचालीचा सेन्सर काहीतरी वेगळं सांगेपर्यंत गप्प बसा. क्रेनने कंटेनर उचलल्याचा धक्का कळला की पुन्हा एकदा कान उघडा. आमच्या बोर्डावर असा सेन्सर नाही. मीटरला तो कशाला हवा?

हवेतला_बाइट

यात एक भर. बऱ्याच एकत्रित चिपांमध्ये जीपीएस आणि मोबाईल रेडिओ एकच रिसीव्हर वाटून घेतात. मोडेम शोधाशोध करत असतो तोवर जीपीएसला वेळच मिळत नाही. मोडेम झोपला की मगच ठिकाण घ्यायचं, हा क्रम सॉफ्टवेअरमध्ये नीट बसवावा लागतो.

आणि पीएसएमचा, म्हणजे मोडेमच्या गाढ झोपेच्या सोयीचा, भरवसा धरू नका. पेटी जाळ्याकडे "मला इतका वेळ झोपू द्या" अशी वेळ *मागते*, जाळं देईल ती वेळ पाळावी लागते. मागितली चोवीस तास, मिळाली एक, असं परदेशी जाळ्यात सर्रास होतं. मीटरला एकदाच तपासलं की झालं. ट्रॅकरला प्रत्येक नव्या जाळ्यात काय मिळालं ते वाचून वागणं बदलावं लागतं.

पल्समोजणी

मीटरवाल्यांच्या बाजूने थोडं. सगळे मीटरला सोपं समजतायत म्हणून राहवलं नाही.

"रेंज बसवतानाच कळते" हे अर्धसत्य आहे. मीटर बहुधा जमिनीखालच्या चेंबरमध्ये, वर बिडाचं झाकण. कोरड्या दिवशी बसवलं, सिग्नल उत्तम. पावसाळ्यात चेंबर भरला, अँटेना पाण्याखाली गेली. पाणी आणि बीड दोन्ही रेडिओचे वैरी, शिवाय पाण्यात अँटेनाची जुळणीच बिघडते. ८६८ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे साडेआठ सेंटिमीटरची तार. ती हवेत जुळवलेली असते, चिखलात नव्हे. झाकणावर कुणी गाडी लावली तरी वाचन थांबतं. म्हणजे तुमच्या पेटीलाही कुणी ऐकत नाही अशी वेळ येतेच, फक्त ती महिन्या-दोन महिन्यांची असते. तेवढे तासातासाचे आकडे साठवायची जागा आहे का?

दुसरं, पल्स. पल्स म्हणजे "अजून एक" एवढंच. पेटी बंद पडली, तार सैल झाली, कुणी बाहेरून जबरदस्त चुंबक लावून रीड स्विच (पल्स देणारी, चुंबकाने मिटणारी कळ) चिकटवून ठेवला, की पेटीचा आकडा आणि मीटरच्या तबकडीवरचा आकडा कायमचे वेगळे होतात. बिलाची भांडणं इथूनच सुरू होतात. जमेल तिथे मीटरच्या तबकडीचा पूर्ण आकडा वाचणारा एन्कोडर घ्या. एक वाचन बुडालं तर बुडालं, पुढचं बरोबर येतं.

तिसरं, मध्यरात्र. सगळ्यांना वाचन बाराच्या ठोक्याला हवं असतं, म्हणून सगळ्या पेट्या बाराच्या ठोक्यालाच बोलतात आणि एकमेकींच्या अंगावर पडतात. वाचन बाराला *घ्या*, पाठवा मात्र पुढच्या काही तासांत यादृच्छिक वेळी. हाच नियम जाळं पडून परत आल्यावर. आणि घड्याळ: २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो, वर्षात साडेदहा मिनिटं. तासाच्या दरावर बिल असेल तर वेळ जाळ्यावरून मधूनमधून जुळवून घ्यावीच लागते.

चौथं लिहिणार होते पण जेवायची वेळ झाली.

नवखा_पण_चिवट

चौथं लिहाच! वाचनखूण साठवली आहे.

पल्समोजणी

चौथं: प्रत्येक संदेशाला पोच मागू नका. लोरावॅनचा गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. हजार मीटरांना पोच देत बसला तर तेवढा वेळ तो बाकीच्यांना बहिरा. त्यापेक्षा प्रत्येक संदेशात मागचे दोन-तीन आकडे पुन्हा घाला. एखादा संदेश हरवला तरी पुढच्यात भरून निघतो, कुणी कुणाला पोच द्यायला नको.

उपग्रहप्रेमी

एवढी डोकेफोड कशाला? सरळ उपग्रह वापरा. इरिडियमचे ६६ उपग्रह ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सगळं व्यापतात. रिलीज १७ मध्ये तर एनबी-आयओटीच थेट उपग्रहावरून चालवायची तरतूद आली आहे. दोन-चार वर्षांत हा धागाच कालबाह्य होईल.

गोदामातली_मांजर

उपग्रहालाही आकाश दिसावं लागतं हो. कंटेनरच्या छतावर पेटी असेल तर जमेल. बोटीवर कंटेनर एकावर एक रचतात, सगळ्यात वरचा सोडला तर बाकीच्यांच्या छतावर दुसरा कंटेनर. आणि जहाजाच्या पोटातल्यांचं काय? म्हणून शीतकंटेनरांसाठी जहाजावरच छोटा मोबाईल टॉवर ठेवतात आणि तिथून पुढे उपग्रह. ते समजण्यासारखं आहे. शीतकंटेनरला वीज मिळते, तिथे बॅटरीचं रडगाणं तितकं नाही. आपल्या खोक्यातल्या पेटीला ते लागू नाही.

जुना_वायरमन

"दोन-चार वर्षांत कालबाह्य" यावरून आठवलं. पंधरा वर्षं पेटी जगवताय ते ठीक, जाळं पंधरा वर्षं जगेल का?

अमेरिकेच्या एटी अँड टीने २०१६ संपता संपता टूजी बंद केलं. त्यावरची यंत्रं एका रात्रीत दगड. मग थ्रीजी २०२२ मध्ये. बरं, खास यंत्रांसाठी आणलेलं एनबी-आयओटी तरी? जपानच्या डोकोमोने ते २०१९ ला सुरू करून २०२० ला गुंडाळलं, आणि एटी अँड टीने २०२५ मध्ये. यंत्रांसाठीचं सिगफॉक्सचं जाळं घ्या: एका संदेशात १२ बाइट, वर पाठवायला दिवसाला १४० संदेश, स्वस्त आणि मस्त. कंपनी २०२२ च्या जानेवारीत न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली आणि त्याच वर्षी सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली. जाळं चालू राहिलं, पण मधल्या काळात मीटर बसवून बसलेल्यांना झोप लागली नसेल.

मीटरवाल्यांसाठी याचा अर्थ, जाळं आपलं असेल तर बरं. लोरावॅनचा गेटवे किंवा युरोपात मीटरांना रुळलेला वायरलेस एम-बस, ज्याचं वाचन गल्लीतून गाडी फिरवूनही घेता येतं. कंपनी बुडाली तरी गाडी फिरतेच. ट्रॅकरवाल्यांना ही चिंता कमी. त्यांची पेटी दोन-तीन वर्षांत हरवते, फुटते किंवा परत येतच नाही.

हवेतला_बाइट

पटलं. अवांतर: ट्रॅकरच्या सिमलाही एक गोम आहे. काही देशांत परदेशी सिम कायमचं रोमिंगवर ठेवू देत नाहीत, काही काळाने तोडतात. म्हणून दुरून ऑपरेटर बदलता येणारं ई-सिम लागतं, तेही बोर्डावर डाखलेलं. खाचेतलं सिम धक्क्यांनी सैल होतं, नाहीतर कुणीतरी काढून फुकट इंटरनेट वापरतं.

कुलूपकिल्ली

सुरक्षेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. लोरावॅनमध्ये एईएस-१२८ कूटलेखन आहे, पण सगळ्या पेट्यांत एकच किल्ली भरून कारखान्यातून बाहेर काढलीत तर एक पेटी उघडणाऱ्याला सगळ्याच उघडतात. पेटीगणिक वेगळी किल्ली, आणि जोडणी प्रत्येक वेळी नव्याने करणारी पद्धत. मीटर तर कुणाच्याही हाताला लागेल अशा जागी वर्षानुवर्षं बसलेलं असतं. तासातासाचं पाणी पाहून घरात कुणी आहे की नाही हे कळतं, तेव्हा आकडे उघड्यावर पाठवणं म्हणजे चोराला वेळापत्रक देणं.

जागता_पहारा

सगळ्यांचे आभार. विक्रीवाल्यांना काय लिहिलं ते टाकतो:

बोर्ड वेगळाच. सॉफ्टवेअरचा खालचा थर, म्हणजे साठवण, गठ्ठ्याने पाठवणं, किल्ल्या, घड्याळ जुळवणं, हे दोन्हींत एकच ठेवू. ट्रॅकरला एलटीई-एम आणि एनबी-आयओटी दोन्ही चालवणारा मोडेम, हालचालीचा सेन्सर, ई-सिम. जीपीएस ठेवू, पण ठिकाणाचा पहिला मार्ग वायफाय आणि टॉवर. मीटरच्या पेटीत पल्सऐवजी एन्कोडर, आणि साठवण तीन महिन्यांची करतोय. पल्समोजणी, ते तुमच्यामुळे.

एक उरलंय. विक्रीवाले म्हणतात, बॅटरी तरी तीच ठेवा, डी आकाराची, मग शोधाशोधीची भीती नाही. विमानाने जाणाऱ्या मालात ती चालेल का?

गोदामातली_मांजर

तिथे अडाल. विमानाच्या नियमांत यंत्रात बसवलेल्या लिथियम धातूच्या सेलला सवलतीची मर्यादा एका सेलमागे १ ग्रॅम लिथियम अशी आहे. एए आकाराचा थायोनिल क्लोराइड सेल त्यात बसतो, डी आकारात लिथियम ५ ग्रॅमच्या आसपास असतं. मग तुमचा प्रत्येक खोका धोकादायक माल म्हणून लेबल आणि कागदपत्रांसह जाणार. आत साधे कपडे आणि कागदावर वर्ग ९. कुठलाही पाठवणारा तुम्हाला हात जोडेल.

आणि लिथियम सेलच्या वाहतुकीसाठीच्या यूएन ३८.३ च्या चाचण्या तर छोट्या सेललाही चुकत नाहीत.

नवखा_पण_चिवट

पण विमानात रेडिओ चालू ठेवायचाच नसतो ना? पेटीला कसं कळणार आपण विमानात आहोत? तिला कोण सांगणार?

गोदामातली_मांजर

छान प्रश्न. हवेचा दाब. विमानात दाब राखतात तोही साधारण ८००० फुटांवरच्या इतकाच, म्हणजे जमिनीवरच्या १०१३ हेक्टोपास्कलवरून सुमारे ७५० वर उतरतो. पण नुसता आकडा पाहून चालत नाही. उंच घाटातून जाणारा ट्रकही अडीच हजार मीटरवर तेवढाच दाब दाखवतो. म्हणून दाब किती *वेगाने* उतरला ते बघायचं, आणि सोबत धावपट्टीवरचा लांब, एकसलग प्रवेग. दोन्ही जुळले की रेडिओ बंद.

पेटी चुकून घाटात गप्प बसली तर काही तासांचे आकडे उशिरा येतील, मेमरीत तर ते आहेतच. उलट चूक, म्हणजे विमानात बोलत राहणं, परवडणारी नाही. म्हणून शंका आली की गप्प, असंच बसवा. रेडिओ पुन्हा चालू करायला दाब चढून अर्धा तास तरी स्थिर राहिलेला बघा. उतरल्यावर लगेच नको. सामान अजून पोटात असतं, तिथे रेंजही नसते आणि परत शोधाशोध सुरू.

जागता_पहारा

दाबाचा सेन्सर यादीत घातला. एए सेलवर वीस आठवडे निघतील का त्याचं गणित आज बसवतो, समुद्रातला काळ धरून. आकडे आले की इथेच टाकेन.